एका बुधवारची किंमत

लाइपझिगमध्ये नोकरीला लागलो ते २०१९ साल. त्या पहिल्याच नोव्हेंबरात एचआरचा मेल आला, येत्या बुधवारी ऑफिस बंद. कारण दिलं होतं, ‘बूस उंड बेटटाग’. माझं जर्मन तेव्हा बेताचंच होतं. पण ‘बूस’ हा शब्द मला चांगला पाठ होता. दोनच महिन्यांपूर्वी सायकलवरून लाल सिग्नल तोडला म्हणून मी ‘बूसगेल्ड’ भरलं होतं. ६० युरो, वर शुल्क वेगळं. म्हणजे बूस म्हणजे दंड. आणि ‘बेट’ म्हणजे पलंग, हे तर जर्मनच्या अगदी सुरुवातीच्या धड्यांत येतं.

दंड आणि पलंगाचा दिवस. मी मनात म्हटलं, भारी देश आहे. दंड भरा आणि झोपा.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो हसून हसून लाल झाला. मग त्याने समजावलं. इथला ‘बेट’ पलंगाचा नाही, प्रार्थनेचा. आणि ‘बूस’ म्हणजे पश्चात्ताप; दंडाच्या पावतीवर आला तो त्याच शब्दाचा दुसरा अर्थ. तर हा पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा दिवस, प्रोटेस्टंट लोकांचा. “पण तू पलंगच धर,” तो म्हणाला. “बहुतेक जण तेच करतात. नाहीतर हालेला खरेदीला जातात.”

हाले लाइपझिगपासून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर आहे, पण दुसऱ्या राज्यात. तिथे त्या बुधवारी दुकानं उघडी असतात. कारण अख्ख्या जर्मनीत ही सुट्टी फक्त एका राज्यात उरली आहे. आमच्या सॅक्सनीत. त्यामुळे पश्चात्तापाच्या दिवशी सॅक्सनीचे लोक हालेला, बर्लिनला, सीमेपलीकडे प्रागला जाऊन पिशव्या भरभरून परत येतात. मीही पहिल्या वर्षी गेलो. थंडीचं जॅकेट घेतलं. अजून वापरतो.

*

हा दिवस नेहमी बुधवारी येतो, १६ ते २२ नोव्हेंबरच्या दरम्यान. त्यानंतरचा रविवार मृतांच्या स्मरणाचा, आणि त्याच्या पुढच्या रविवारी नाताळची तयारी सुरू होते. वर्षातला सगळ्यात करडा आठवडा. साडेचारला अंधार पडतो.

मुळात हा असा एकच ठरलेला दिवस नव्हता. सोळाव्या शतकापासून लढाई, साथ, दुष्काळ असं काही आलं की तिथला राजा किंवा शहराचा कारभारी हुकूम काढायचा, अमुक दिवशी सगळ्यांनी कामं बंद ठेवायची, चर्चमध्ये जमायचं, आणि आपल्या सगळ्यांच्या हातून काय चुकलं ते देवापुढे कबूल करायचं. म्हणजे एकट्यादुकट्याचा नाही, गावाचा पश्चात्ताप. प्रत्येक संस्थानाची तारीख वेगळी. १८९३ साली प्रशियाने हा नोव्हेंबरातला बुधवार पक्का केला.

ही माहिती मला खालच्या मजल्यावरच्या आजींकडून मिळाली. वय ऐंशी, लाइपझिगमध्येच जन्म. मी त्यांच्या पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट वर आणून देतो आणि त्या माझं जर्मन सुधारतात, असा आमचा व्यवहार आहे. त्यांच्या मते या दिवसाचा इतिहास म्हणजे तो कुणी कुणी कशाच्या बदल्यात घेतला याची यादी आहे. १९३९ मध्ये हिटलरने तो रविवारी ढकलला, का तर युद्धाच्या कामात खंड नको. युद्धानंतर तो परत आला. मग पूर्व जर्मनीत साठच्या दशकात पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला आणि त्या बदल्यात काही सुट्ट्या गेल्या, त्यात हा. “मग तुम्ही काय करायचात?” मी विचारलं. “काय करणार? संध्याकाळी कामावरून थेट चर्चमध्ये जायचो. बूट काढायलाही वेळ नसायचा.”

१९८० पासून तिथे या दिवसाआधीचे दहा दिवस शांततेसाठी पाळायला सुरुवात झाली आणि हा बुधवार त्यांचा शेवटचा दिवस ठरला. तलवारीचा नांगर करणाऱ्या माणसाचं चित्र तेव्हा चर्चच्या लोकांनी कागदावर छापलं नाही. कागदावर छापायला सरकारची परवानगी लागे. त्यांनी ते कापडावर छापलं. कापडाला परवानगी लागत नव्हती. आजींच्या मुलाने तो गोल तुकडा जॅकेटवर शिवला. पुढे सरकारने त्यावर बंदी आणली तेव्हा त्याने तो कापून काढला आणि जॅकेटला गोल भोक तसंच ठेवून हिंडला. असं बऱ्याच पोरांनी केलं. भोकावर बंदी कशी घालणार?

१९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि सुट्टी परत मिळाली. टिकली जेमतेम पाच वर्षं.

*

१९९५ ची गोष्ट मला आजींनी नाही, माझ्या पगाराच्या पावतीने सांगितली.

त्या वर्षी जर्मनीत एक नवा सक्तीचा विमा सुरू झाला. काळजी-विमा म्हणू. म्हातारपणामुळे किंवा आजारामुळे जे अंथरुणाला खिळले, ज्यांना अंघोळ, जेवण, कूस बदलणं यासाठी दुसऱ्याचा हात लागतो, त्यांच्यासाठी. हप्ता अर्धा कामगाराने भरायचा, अर्धा मालकाने. मालकांनी विचारलं, आमच्या अर्ध्याची भरपाई काय? उत्तर निघालं, वर्षातली एक सुट्टी रद्द करा, लोक एक दिवस जास्त काम करतील. बळी द्यायला सापडला हा बुधवार. सोळापैकी पंधरा राज्यांनी तो सोडला.

सॅक्सनीने सोडला नाही. पण फुकटही ठेवला नाही. सुरुवातीला हा हप्ता पगाराच्या १ टक्का होता. बाकी राज्यांत त्यातला अर्धा टक्का कामगार भरायचा आणि अर्धा मालक; सॅक्सनीत पूर्ण १ टक्का कामगाराच्या खिशातून. तो अर्ध्या टक्क्याचा फरक आजही चालू आहे. २०२५ मध्ये एकूण दर ३.६ टक्के आहे. बाकी जर्मनीत कामगाराचा वाटा १.८. सॅक्सनीत २.३. मला मूलबाळ नाही, म्हणून वर आणखी ०.६. हाले हून रोज येणारा माझा तो सहकारीसुद्धा सॅक्सनीच्याच दराने भरतो, कारण इथे राहण्याचं नाही, कामाचं ठिकाण धरतात.

मी हिशेबी माणूस आहे. महिना ४००० युरो पगार धरला तर तो अर्धा टक्का म्हणजे २० युरो. वर्षाचे २४०. एका दिवसाचा पगार साधारण १९०. म्हणजे हा बुधवार आम्ही विकत घेतो, आणि तोही थोडा महागात. ऑफिसमध्ये दर नोव्हेंबरला कुणीतरी हे गणित मांडतं आणि म्हणतं, त्यापेक्षा सुट्टी नको, पैसे द्या.

मीही म्हणायचो.

*

हिशेब माझ्याकडे अण्णांकडून आला. अण्णा एसटीत कंडक्टर होते, कराड डेपोला. रात्री गाडी लागली की वेबिल, तिकिटं आणि रोकड जुळवून, भरणा करून मगच घरी. रुपया कमी पडला तर पगारातून जायचा. ताई आणि मी झोपायच्या वेळी ते यायचे आणि त्यांच्या बोटांना नाण्यांचा वास असायचा. “आज जुळलं,” एवढंच आईला सांगायचे. आई गेल्यावरही काही दिवस ते दारात उभं राहून म्हणायचे, आज जुळलं.

मार्च २०२२ मध्ये अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली, एक शब्द उरला, “चला.” तीस वर्षं दिवसातून शेकडो वेळा म्हटलेला तो शब्द बहुतेक मेंदूत खोल कुठेतरी रुजला असावा. पाणी हवं, “चला.” दुखतंय, “चला.” मी व्हिडिओ कॉल केला की माझ्याकडे बघून, “चला.”

ताई पतसंस्थेत नोकरी करते. लग्न तिने केलं नाही. का नाही, हा वेगळा विषय आहे आणि त्यातही माझ्या शिक्षणाच्या कर्जाचा भाग आहे. दिवसा एक मावशी येतात. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर, आणि रात्रभर, ताई.

मी काय केलं? मी शीट केलं. गुगल शीट. एअरबेड, व्हीलचेअर, मावशींचा पगार, डायपर, फिजिओ, औषधं. प्रत्येक रकान्यापुढे रक्कम, तारीख, आणि माझा वाटा. माझा वाटा नेहमी ७० टक्क्यांच्या वर. महिनाअखेरीला बेरीज बघायची आणि मनात म्हणायचं, आज जुळलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये ताईचा फोन आला. तिचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. जाळी बसवायची होती. “पंधरा दिवस येशील?” तिने एवढंच विचारलं. अडीच वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. त्याच महिन्यात आमचं सॉफ्टवेअर एका मोठ्या गोदामात लाइव्ह जाणार होतं. मी म्हटलं, बघतो. दोन दिवसांनी म्हटलं, जमत नाहीये गं, पण ब्युरोची चोवीस तासांची नर्स ठेवू, सगळा खर्च माझा. ती म्हणाली, बरं.

शीटमध्ये मी एक ओळ वाढवली. ‘नर्स, २४ तास, १५ दिवस.’ पैसे पाठवले. ऑपरेशन नीट झालं, असा ताईचा मेसेज आला. मी अंगठा दाखवला.

*

२० नोव्हेंबर २०२४. त्या वर्षीचा पश्चात्तापाचा बुधवार. आणि योगायोग असा की त्याच दिवशी महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. लाइपझिगमध्ये मला सुट्टी, कराडात ताईला सुट्टी. मावशीही मतदानाला त्यांच्या गावी गेल्या होत्या.

सकाळी दहाला, म्हणजे तिकडे दुपारी अडीचला, ताईने कॉल केला. अण्णांच्या पलंगासमोर टॅबचा स्टँड आहे. तो माझ्या ७० टक्क्यांतला. “रे, मी मत देऊन येते. दुपारी गर्दी नसते. अर्धा-पाऊण तास. ते झोपतील आता. तू फक्त लक्ष ठेव.”

मला बरं वाटलं. काहीतरी काम मिळालं. मी कॉफी घेतली, टॅबलेटवर अण्णा, शेजारी लॅपटॉप. हालेतल्या एका दुकानाचा सेल उघडून बसलो.

वीस मिनिटं ते झोपले. मग डोळे उघडले. “चला.”

“काय हवंय अण्णा? पाणी?”

“चला.”

“पंखा? पंखा नको का?”

“चला.” आवाज वेगळा होता. मी स्क्रीन मोठी केली तेव्हा दिसलं, ते डाव्या हाताने स्वतःला ओढायला गेले होते आणि उजव्या कुशीवर कलंडले होते. निकामी उजवा हात अंगाखाली सापडला होता आणि तोंड पलंगाच्या दांडीला टेकलं होतं. त्यांना मागे वळता येत नव्हतं. “चला, चला, चला.”

मी ताईला फोन लावला. आणि टॅबमधून मला रिंग ऐकू आली. मतदान केंद्रात मोबाइल चालत नाही म्हणून तिने तो स्वयंपाकघरात ठेवला होता. मी इथे कानाला लावलेला फोन तिथे ओट्यावर वाजत होता आणि अण्णा त्या आवाजाच्या दिशेने बघायचा प्रयत्न करत होते.

“अण्णा, थांबा, हलू नका, मी आहे.” मी असं म्हणत होतो. मी आहे. कुठे आहे?

मग शेजारच्या काकू आठवल्या. त्या जैन आहेत. दरवर्षी पर्युषण संपलं की त्यांचा व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, ‘मिच्छामि दुक्कडम्’. कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. सगळ्या यादीला जातो तसा मलाही. मी दरवर्षी हात जोडल्याचा इमोजी टाकतो. आमचं एवढंच बोलणं. तो मेसेज शोधून मी त्या नंबरला फोन लावला. त्यांच्याकडे किल्ली होती. दोन मिनिटांत त्या आत आल्या, बोटाला ताजी शाई. पाठीखालच्या घडीच्या चादरीला धरून त्यांनी अण्णांना एका झटक्यात सरळ केलं, हात सोडवला, चोळला, पाणी पाजलं. हे त्या पहिल्यांदा करत नव्हत्या हे कुणालाही कळलं असतं.

“काकू, तुम्ही होता म्हणून,” मी म्हणालो. “ताईला सवय आहे, मला काही सुचेना.”

“सवय कसली,” काकू अण्णांकडे बघतच म्हणाल्या. “नाइलाज. ऑपरेशन झालं तेव्हा ती ब्युरोची बाई तिसऱ्या दिवशी गेली ती आलीच नाही. पाचव्या दिवशी ही पोटाला पट्टा बांधून उचलत होती त्यांना. मला ओरडण्याचा आवाज आला म्हणून मी आले, तर अण्णा नव्हते ओरडत, ही ओरडत होती. तेव्हापासून किल्ली माझ्याकडे असते.” मग त्या थांबल्या. “तुला बोलली नाही का?”

मी शीट उघडलं. ओळ तशीच होती. नर्स, २४ तास, १५ दिवस. रक्कम बरोबर. माझा वाटा १०० टक्के.

ताई आली. चप्पल काढतानाच तिला कळलं की काहीतरी झालंय. काकूंनी सांगितलं आणि त्या गेल्या. मी विचारलं, नर्स निघून गेली हे मला का नाही सांगितलंस?

“सांगून काय झालं असतं? दुसरी नर्स पाठवली असतीस.”

“माझं चुकलं ताई.”

ती अण्णांची चादर नीट करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “शीटमध्ये कुठल्या रकान्यात लिहिणार ते?”

तिचा आवाज चढला नव्हता. त्यानेच जास्त लागलं.

*

त्या संध्याकाळी मी घराजवळच्या चर्चमध्ये गेलो. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी देव म्हणजे आईची माळ आणि अण्णांचा डेपोतल्या गणपतीला केलेला नमस्कार. पण घरात बसवत नव्हतं आणि सगळी दुकानं बंद होती. खालच्या आजी निघाल्याच होत्या, त्यांना हात धरून नेलं.

तीसेक माणसं असतील. वेदीवर जांभळं कापड. आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती मित्रांच्या तोंडी असतो तो ‘उपासना’ शब्द मला तिथे बसल्यावर पटला. तिथे नुसतं बसून राहणं बरंच होतं. पाळकबाईंनी योनाची गोष्ट सांगितली. सगळ्यांना मासा आठवतो, त्या म्हणाल्या, पण पुढचं बघा. योना निनवे शहरात जाऊन ओरडतो, चाळीस दिवसांत हे शहर बुडणार. शहर ऐकतं. लोक उपास करतात, गोणपाट नेसतात. जनावरांनाही उपास घडतो. आणि राजाला बातमी कळते तेव्हा तो सगळ्यात आधी काय करतो? सिंहासनावरून उठतो. बाकीचं नंतर. पश्चात्तापासाठी त्या एक दुसरा जर्मन शब्द पुन्हा पुन्हा वापरत होत्या, ‘उमकेर’. परत फिरणं. चुकीच्या रस्त्याला लागलो हे कळल्यावर रडत तिथेच उभं राहायचं नाही, मागे वळायचं.

मग बराच वेळ सगळे गप्प बसले. प्रत्येकाने आपापलं मनात म्हणायचं होतं. मला वाटलं होतं, मी अण्णांबद्दल विचार करेन. पण मला त्या गोदामाचा विचार आला. ऑगस्टमधलं ते लाइव्ह जाणं शेवटी तीन आठवड्यांनी पुढे ढकललं गेलं होतं. ताईला ‘जमत नाहीये’ म्हटल्यावर आठवड्याभरातच मला ते कळलं होतं. तरी मी तिला फोन करून ‘आता येतो’ म्हटलं नव्हतं. पैसे पाठवून झाले होते. ओळ भरली होती. मनातून ते प्रकरण जुळलं होतं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. ताईला ते मी त्याच रात्री मेसेज करून सांगितलं. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी फक्त एवढं आलं, “ये तू.”

*

जानेवारीत गेलो. वर्षाची रजा आणि वर बिनपगारी, मिळून पाच आठवडे. पहिला आठवडा ताईने मला शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. उचलायचं नाही, चादरीला धरून सरकवायचं. टाचांखाली उशी, पण टाच अधांतरी राहिली पाहिजे. पातळ पाणी ठसका लावतं, म्हणून पेजेसारखं दाट करून चमच्याने. अंग पुसताना बोलत राहायचं, म्हणजे त्यांना लाज कमी वाटते.

दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “मला बदामी बघायचंय.” मैत्रिणींबरोबर आठ दिवस गेली. जाताना दारात म्हणाली, “फोन करू नकोस. काकू आहेत.”

त्या आठ दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मी दोन तासांच्या वर सलग झोपलो नाही. तिसऱ्या रात्री डायपर बदलताना मी अण्णांवर ओरडलो. ते माझ्याकडे बघत राहिले आणि “चला” म्हणाले, हळू. मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. सकाळी काकू चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही.

पण एक गोष्ट कळली. ‘चला’ एक नाही, चार आहेत. आखूड, खाली पडणारा, तो तहानेचा. लांबवलेला, शेवटी वर जाणारा, तो कूस बदला. तीन वेळा जोडून, ते दुखतंय. आणि एक हळू, पूर्ण, प्रत्येक अक्षर सुटं. तो कशासाठी आहे हे ताईलाही नक्की माहीत नाही. ती म्हणते, तो नुसता बोलण्याचा आहे.

परत येण्याआधी मी ताईशी पैशांबद्दल बोललो. जर्मनीत अण्णा असते तर बहुतेक चौथ्या श्रेणीत बसले असते. काळजीच्या पाच श्रेण्या असतात. घरच्याच माणसाने काळजी घेतली तर २०२५ च्या दराने या श्रेणीला महिना ८०० युरो मिळतात. ते आजाऱ्याच्या नावावर येतात आणि तो ते सहसा काळजी घेणाऱ्याला देतो. म्हणजे रात्री दोन वाजता उठून कूस बदलणं हे काम आहे, एवढं तरी तो देश कागदावर मान्य करतो. मी इथे दर महिन्याला त्या विम्यात भरतो. खालच्या आजींकडे रोज सकाळी येणारी नर्स त्यातून येते. माझ्या पैशांवर लाइपझिगमधल्या म्हाताऱ्यांची कूस बदलते आणि ताईच्या कामाला माझ्या शीटमध्ये रकानाही नव्हता.

“आता दर महिन्याला तुझ्या नावावर वेगळे पैसे येतील,” मी म्हटलं. “अण्णांच्या खर्चाचे नाहीत. तुझे.”

ती भडकली. “पगार देतोस मला? बापाला सांभाळायचा?”

“पगार नाही. पण फुकटही नाही ना गं.”

बराच वाद झाला. शेवटी तिने घेतले. आपल्याच पतसंस्थेत ठेव म्हणून टाकते, असं म्हणाली. मला माहीत आहे, हेही पैसेच आहेत आणि मी पुन्हा पाठवणाराच झालो आहे. म्हणून दुसरी गोष्ट ठरली. वर्षातून दोनदा, तीन-तीन आठवडे, मी येणार आणि ती घराबाहेर पडणार. तिचा हर्निया पुन्हा तपासायचा आहे. जाळीच्या बाजूला दुखतं. परत ऑपरेशन लागलं तर तारीख आधी माझ्या रजेची ठरेल, मग डॉक्टरची. तिने हे मान्य केलंय. विश्वास ठेवलाय असं नाही. “ये, मग बघू,” असं म्हणते.

शीट मी बंद केलं नाही. औषधांचा हिशेब लागतोच. फक्त वाट्याच्या टक्क्यांचा रकाना काढून टाकला.

*

२०२५ मध्ये हा बुधवार १९ नोव्हेंबरला आला. सोमवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये नेहमीचं गणित निघालं. २४० युरो भरा आणि १९० चा दिवस घ्या, याला काय अर्थ आहे? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण हे गणित दोनदा मीच फळ्यावर लिहून दाखवलं होतं. मी म्हटलं, मला तो दिवस हवाय. का, ते विचारलं नाही कुणी. बरं झालं.

बुधवारी आजी चर्चला गेल्या नाहीत, गुडघा धरला होता. सकाळी त्यांची नर्स येऊन गेल्यावर मी त्यांना क्रेट दिले आणि वर येऊन दहाला कराडला कॉल लावला. आता दर बुधवारी लावतो. ऑफिस असलं तर मधल्या सुट्टीत. त्या वेळी ताईची पतसंस्था चालू असते आणि मावशी घरी असतात. मावशींना थोडा वेळ पाठ टेकता येते, तेवढंच.

मावशी आत गेल्या. अण्णा छताकडे बघत होते. मग माझ्याकडे. थोड्या वेळाने म्हणाले, “चला.” लांबवलेला, शेवटी वर जाणारा.

“मावशी,” मी हाक मारली, “अण्णांना डाव्या कुशीवर करा जरा.”